रानपिंगळा

रानपिंगळा : घुबडांच्या स्ट्रिजिडी कुलातील एक दुर्मिळ पक्षी. शास्त्रीय नाव एथेनी ब्लेविटाय (पूर्वीचे हेटेरोग्लॉक्स ब्लेविटाय). मध्य भारतातील सागप्रधान, शुष्क पानझडी वनांच्या तुटक पट्ट्यांत तो आढळतो. लांबी सु. २३ सेंमी. गावोगाव दिसणाऱ्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ ठिपकेविरहित असून पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात. तो दिवसा वावरतो आणि सरडे, उंदीर व कीटक खातो.

एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये हल्लीच्या छत्तीसगडमधील बसना येथे याचा पहिला नमुना मिळविला. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. १८८४ पर्यंत केवळ सात नमुने मिळाले. त्यांपैकी काही जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातील शहादे परिसरात गोळा केले होते. पुढे शतकभर या पक्ष्याची विश्वसनीय नोंद झाली नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील, १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळविल्याचे सांगितलेला नमुना मात्र प्रमाण मानला जाई. पामेला रासमुसेन यांनी केलेल्या तपासणीत तो डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला नमुना ठरला. ही खोटी नोंद वगळून जुन्या खऱ्या स्थळांवर शोध घेण्यात आला, तेव्हा २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ बेन किंग, रासमुसेन व डेव्हिड ॲबट यांना हा पक्षी जिवंत आढळला.

त्यानंतर मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी केलेल्या सर्वेक्षणांत तोरणमाळ, तळोदे व मेळघाट येथे त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यातही दिसला. विरळ झालेल्या वनातही तो तग धरतो. परंतु घरट्यासाठी त्याला जुन्या वृक्षांतील ढोली लागतात. तळोद्यातील वनजमिनीचा मोठा भाग १९९० नंतर सरदार सरोवर प्रकल्पातील विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी देण्यात आला. घरेदारे गमावलेल्या आदिवासींना जमीन देणे आवश्यक होते. तथापि त्याची किंमत वनाला मोजावी लागली. अतिक्रमण, वृक्षतोड, वणवे आणि अंधश्रद्धेपोटी होणारी हत्या यांचाही या पक्ष्याला धोका आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले. नोंद नाही म्हणून जाती नष्ट झाली असे ठरत नाही आणि विस्कळित वनखंड निरुपयोगी समजून सोडून देणे योग्य नाही, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.