नाडीचा वळ

त्वचेचा कर्करोग म्हटला की, गोऱ्या लोकांचा, उन्हात लोळणाऱ्यांचा आजार असे आपण समजतो. ते बरेचसे खरेही आहे. सावळ्या कातडीतले रंगद्रव्य आपली पुष्कळ राखण करते. पण आपल्याकडे हा रोग दुसऱ्या वाटेनेही आला. सवयीच्या वाटेने.

काश्मिरात थंडीच्या दिवसांत फेरनाखाली निखाऱ्यांची कांगडी धरतात. वर्षानुवर्षे पोट आणि मांड्या शेकल्या की तिथेच कर्करोग होतो, अशी नोंद डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्ये केली.

मुंबईत टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये ‘धोतराचा कर्करोग’ वैद्यकजगतापुढे मांडला. कमरेला रोज एकाच जागी आवळलेले कापड, त्यात घाम. कातडी आधी काळवंडते, मग सोलवटते आणि शेवटी न भरणारी जखम होते.

पुढे धोतराची पँट झाली. पुरुष सुटले म्हणा ना! बायकांची नाडी मात्र राहिली. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतली एक परकराशिवाय, लुगडेच कमरेला आवळून नेसणारी. तिचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. परकर सैल बांधा, कातडी सोलवटली तर भरेपर्यंत ढिले कपडे घाला, एवढाच डॉक्टरांचा सल्ला.

माझ्या अम्मीच्या कमरेवरही काळा वळ होता. विचारले तर म्हणायची, “नाडीचा आहे, जाईल.” जागाच अशी, दाखवणार कुणाला?