अंतराळवीर, आरमार आणि चित्रकार

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं बखरी, पत्रें आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढें येतात. पण ज्या काळांत कॅमेरा प्रत्येक क्षण टिपून ठेवतो, त्या काळाच्या इतिहासाला कुंचल्याची गरज ती काय उरावी? या प्रश्नाचें एक बोलकें उत्तर अमेरिकेच्या अंतराळमोहिमांत सांपडतें.

१९६२ सालीं 'नासा' या संस्थेनें आपल्या कार्याचीं चित्रें काढण्यासाठीं चित्रकारांना पाचारण करण्याचें ठरविलें. मे १९६३ मध्यें गॉर्डन कूपर यांचें उड्डाण झालें. त्या वेळीं इतर चित्रकार केप कॅनाव्हरलच्या तळावर होते. मिचेल जेमीसन यांना मात्र पॅसिफिक महासागरांतील 'किअरसार्ज' या विमानवाहू नौकेवर धाडण्यांत आलें. ही निवड यथायोग्यच होती. दुसऱ्या महायुद्धांत आरमाराचे चित्रकार म्हणून त्यांनीं समरप्रसंग रेखाटले होते.

अंतराळवीराला नौका कशाला, असें कोणी विचारील. त्या काळच्या यानाला ना पंख, ना चाकें. हवाई छत्रीच्या आधारानें तें समुद्रांत पडे आणि तेथून त्याला उचलून आणणें हें आरमाराचें काम असे. तें सोपें नव्हतें. जुलै १९६१ मध्यें ग्रिसम यांच्या यानाचें दार उघडून पाणी आंत शिरलें. ग्रिसम वांचले, पण यान तळाशीं गेलें.

कूपर यांनीं ३४ तासांत पृथ्वीभोंवतीं २२ फेऱ्या केल्या. अखेरीस स्वयंचलित यंत्रणा निकामी झाली, तेव्हां त्यांनीं स्वतःच्या हातानें यान खालीं आणून नौकेपासून अवघ्या कांहीं मैलांवर उतरविलें. खलाशांनीं कूपर यांच्यासह तें नौकेवर चढविलें.

जेमीसन यांच्या चित्राचें नांव 'पहिलीं पावलें'. तें वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहांत आहे. काळोख्या यानांतून बाहेर आलेला रुपेरी पोषाखांतला माणूस उजेडांत पाऊल टाकीत आहे. अग्निबाणाचा लोळ, जयघोष यांपैकीं येथें कांहीं नाहीं. आहे तो केवळ घरीं परतलेला एक माणूस. आणि त्याच्या पायांखालीं आधार आहे तो आरमाराच्या नौकेचा.

उड्डाणाचा क्षण जगाच्या ध्यानांत राहतो. परतीचा भार वाहणारे हात विस्मृतींत जातात. घटना घडली याची साक्ष छायाचित्र देतें; तिचें मोल काय, हें सांगण्याचें काम चित्रकाराचें. म्हणूनच अशा चित्रांना इतिहासाच्या दफ्तरांत स्थान दिलें पाहिजे.