गावाच्या नावाला जागा नाही

एका कायद्याचं नाव वाचा : ‘अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६’. बोलताना एवढं कुणी म्हणत नाही. धानोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत ‘वनहक्क कायदा’ म्हटलं की भागतं. पण स्कॅन केलेल्या कागदाला नाव द्यायची वेळ आली की आपण सगळेच एकदम सरकारी होतो. आधी पूर्ण कायदा, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव.

ग्रामसभांच्या दाव्यांचे कागद स्कॅन करून जपायच्या कामात मी काही वर्षं आहे. अशा लांबलचक नावाच्या फाइली विंडोजच्या लॅपटॉपवर सुखाने राहतात. त्याच फाइली लिनक्सच्या सर्व्हरवर न्यायला गेलं, की काही फाइली जातात आणि काही उंबऱ्यावर अडतात. ‘फाइल नेम टू लाँग’ एवढाच निरोप येतो, आणि तोही हजारो ओळींच्या यादीत कुठेतरी मधेच. ती यादी कुणी वाचली नाही, तर कॉपी झाली असंच सगळे समजतात.

नाव इतकं लांब आहे का? मोजून बघू. वरच्या नावात काना-मात्रा, मोकळ्या जागा, कंस सगळं धरून ७५ चिन्हं आहेत. याच कायद्याचं इंग्रजी नाव ९९ चिन्हांचं आहे. म्हणजे मराठी नाव आखूड आहे. तरीही अडतं मराठीच, कारण लिनक्सचा सर्व्हर चिन्हं मोजत नाही, बाइट मोजतो.

ही गोष्ट जुनी आहे. १९७०च्या दशकातल्या युनिक्समध्ये फाइलच्या नावाला १४ अक्षरं मिळत. १९८१च्या डॉसमध्ये आठ, आणि टिंबानंतर तीन. चांदा जिल्ह्यातून, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपुरातून, गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. रोमन लिपीत या नव्या जिल्ह्याच्या नावाची अक्षरं दहा होतात. डॉसच्या आठात आपला जिल्हाच मावत नव्हता. १९९५ साली विंडोजने लांब नावं दिली, पण जुन्या प्रोग्रामसाठी मागे एक आखूड टोपणनावही ठेवलं : पहिली सहा अक्षरं, एक लाटेसारखी खूण आणि आकडा. गडचिरोलीची पहिली फाइल ‘गडचि~१’, दुसरी ‘गडचि~२’. कुठली कुणाची, ते उघडून बघा.

युनिक्सच्या घराण्यात ही मर्यादा १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या आवृत्तीने २५५वर नेली. आजच्या लिनक्सवरही तीच आहे. नावाची लांबी लिहून ठेवायला तिथे एकच बाइट असतो, आणि एका बाइटात मावणारा सगळ्यात मोठा आकडा २५५. इंग्रजीचं एक अक्षर म्हणजे एक बाइट. त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्याला २५५ अक्षरं मिळाली, आणि ती त्याला भरपूर झाली.

मराठीसाठी आपल्याकडे १९९१ साली इस्की नावाचं मानक ठरलं. त्यात देवनागरीचं एक चिन्हही एकाच बाइटात बसे. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांना एका माळेत ओवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, युनिकोड साठवायची युक्ती मांडली : यूटीएफ-८. इंग्रजी अक्षराला एक बाइट. २०४७ क्रमांकापर्यंतच्या चिन्हांना दोन. त्यापुढे तीन. ग्रीक, रशियन, अरबी दोनमध्ये बसल्या. देवनागरी सुरू होते २३०४ क्रमांकापासून, म्हणून तिला तीन लागतात. यात कुणाचा कट नव्हता. युनिकोडमध्ये ज्यांचे क्रमांक आधीचे, त्यांना स्वस्त पडलं, इतकंच. पण त्या २५५ बाइटांत मराठीला फक्त ८५ चिन्हं उरली. काना हे एक चिन्ह, अनुस्वार एक, हलन्त एक. ‘हक्क’ हा एवढासा शब्द बारा बाइट खातो.

विंडोज मात्र नावातली देवनागरी चिन्हं एकेक करून मोजतं, म्हणून तिथे २५५ चिन्हांपर्यंत नाव चालतं. (फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २६०च्या आत हवा, ही तिथली वेगळी अडचण.) एका यंत्रावरचं रास्त नाव दुसऱ्यावर बेकायदा ठरतं, ते या दोन मापांमुळे.

आता हिशेब पुरा करू. कायद्याचं मराठी नाव : २०१ बाइट. एक मोकळी जागा आणि ‘गडचिरोली’ : २५. पुन्हा जागा आणि ‘धानोरा’ : १९. शेवटी टिंब आणि पीडीएफची तीन इंग्रजी अक्षरं : ४. एकूण २४९. उरले सहा. जागा सोडून ‘मेंढा’ लिहायला सोळा लागतात. सहामध्ये बसतो फक्त ‘म’.

कायदा मावला, जिल्हा मावला, तालुका मावला. गाव बाहेर राहिलं.

आणि गाव कुठलं? मेंढा (लेखा). ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवून देशात पहिल्यांमध्ये गणलेलं. एप्रिल २०११मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश तिथे गेले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. या कायद्यात दाव्याची सुरुवातच ग्रामसभेपासून होते. पुरावे म्हणून निस्तारपत्रक, जुने नकाशे, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात. यातला एक कागद सर्व्हरवर पोचलाच नाही आणि मूळ प्रत वाळवीने खाल्ली, तर त्या गावाने उद्या काय दाखवायचं?

यावर घाईचा उपाय म्हणजे नावाची शेपटी कापणारा प्रोग्राम. तो सगळ्यात घातक. आपल्याकडे एकाच नावाची गावं किती! म्हणून तर कुणापुढे माल लागतं, कुणाला चक, कुणाला तुकूम, कुठे कंसात रिठ. मेंढ्यालाही शेजारच्या लेखाचा आधार घ्यावा लागला. ओळख शेपटीतच असते. ती कापली की दोन गावांच्या फाइली एकाच नावाच्या होतात, आणि दुसरी पहिलीच्या डोक्यावर बसते. मग निरोपसुद्धा येत नाही. झिप करून नेलं तरी उघडताना तोच उंबरा आडवा येतो.

खरा उपाय पटवाऱ्याच्या दप्तरात कधीचाच आहे. शेताची ओळख तिथे भूमापन क्रमांकाने होते, मालकाची सगळी हकिगत सातबाऱ्यात असते. वर आखूड क्रमांक, आत पूर्ण मजकूर. फाइलींचंही तसंच करावं. नावाची सुरुवात जनगणनेतल्या गावाच्या सांकेतांकाने करा, मग कागदाचा प्रकार आणि साल. पूर्ण मराठी नाव एका यादीत लिहा आणि ती यादी फाइलींच्या सोबतच पाठवा, कारण यादी हरवली की उरतात नुसते आकडे. कॉपी करण्याआधी नावांचे बाइट मोजा, नंतर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ताडून बघा.

आणि सांकेतांक नकोच असेल, मराठीतच नाव द्यायचं असेल, तर निदान क्रम उलटा करा. आधी गाव लिहा, मग तालुका, मग जिल्हा. कायदा सगळ्यात शेवटी, आणि तोही लोक बोलतात तसा : वनहक्क. ‘मेंढा (लेखा) धानोरा गडचिरोली वनहक्क’ एवढ्याला शंभरहून थोडे कमी बाइट लागतात. अर्ध्याहून जास्त जागा मोकळी राहते.