दप्तराबाहेरचा इतिहास: एक विनोदी कथा, एक आत्मकथन आणि एक रान

१/ इतिहासाची साधने कोणती, असे विचारले की बखरी, शिलालेख, ताम्रपट आणि दप्तरे ही नावे चटकन ओठांवर येतात. ती योग्यच आहेत. परंतु दप्तरात मुख्यतः तेच सापडते, जे राज्यकर्त्यांना नोंदवून ठेवावेसे वाटले. जे त्यांनी कधी विचारलेच नाही, ते कोठे शोधावे? या धाग्यात तीन अगदी भिन्न प्रकारच्या पुस्तकांकडे त्यासाठी वळू.

२/ पहिला प्रकार विनोदी कथेचा. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे पाली भाषेचे व्यासंगी अभ्यासक आणि बडोदे संस्थानाचे राजदप्तरदार. जुन्या सरकारी कागदांची राखण करणाऱ्या याच गृहस्थांनी मराठीला चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिले. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले.

३/ चिमणराव हा पापभीरू, मध्यमवर्गीय कारकून. बहीण चिमी हिच्यासाठी स्थळ शोधताना होणारी त्याची त्रेधा वाचून हसू येते. जनगणनेच्या तक्त्यांत विवाहितांची संख्या मिळते. पण मुलगी दाखवण्यातील अवघडलेपण आणि बेताच्या मिळकतीत अब्रू सांभाळण्याची धडपड तेथे मिळत नाही. ती या कथांत मिळते.

४/ मात्र विनोद अतिशयोक्तीवर जगतो. म्हणून ‘हा प्रसंग खरोखर घडला का?’ हा प्रश्न येथे गैरलागू आहे. ‘तत्कालीन वाचकाला यात ओळखीचे काय वाटले असेल?’ हा प्रश्न विचारला, की तीच कथा साधन ठरते.

५/ दुसरा प्रकार आत्मकथनाचा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे असे वेड लागले, की घरात येणारे मीठसुद्धा धुतले जाई. १८५७ चे पडसाद एका माजघरात कसे उमटले, हे कोणत्या सरकारी अहवालात सापडणार?

६/ पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. नोंदवहीत या दोन तारखा पुरेशा असतात. मधल्या पाच वर्षांतील ताटातूट, लोकांचे बोल, पुन्हा एकत्र आल्यावरही काही काळ पाळलेली शिवाशीव आणि तिचे हळूहळू गळून पडणे, हे सारे मात्र पुस्तकातच आहे. अर्थात हे लेखन घटनांनंतर अनेक वर्षांनी झाले आहे. आठवण निवड करते, हे भान वाचकाने ठेवावे.

७/ तिसरा प्रकार पर्यावरणाच्या इतिहासाचा. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे धावली. पुढे लोहमार्ग वाढत गेले आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकडाची प्रचंड मागणी निर्माण झाली. १८६४ मध्ये वनखाते उभे राहिले. १८७८ च्या कायद्याने राखीव आणि संरक्षित अशी वनांची वर्गवारी केली. पिढ्यान्‌पिढ्यांची गुरेचराई आणि सरपण ही राखीव वनांत हक्काची बाब उरली नाही. ती सरकारी सवलत झाली.

८/ वनखात्याच्या हिशेबात हे ‘व्यवस्थापन’ होते. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मात्र त्याची दुसरी बाजू आहे: गायराने वनखात्याच्या घशात गेली आणि गरीब शेतकऱ्याची जनावरे उपाशी पडली. डोंगरावरून वाहून येणारा सुपीक गाळ शेतातच मुरावा यासाठी बंधारे बांधावेत, असेही फुले सुचवतात.

९/ अशा तक्रारींना देशव्यापी इतिहासाची चौकट दिली ती माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या ‘धिस फिशर्ड लँड’ (१९९२) या इंग्रजी ग्रंथाने. वनांवरील सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न. इंग्रजपूर्व समाज निसर्गाशी कितपत जुळवून होता, यावर पुढे अभ्यासकांत वाद झाले. ग्रंथ म्हणजे अंतिम निकाल नव्हे. ती पुराव्यांनिशी केलेली मांडणी असते.

१०/ तिन्ही प्रकारांना प्रश्न वेगळे विचारावे लागतात. कथेला विचारावे: वाचक कशावर हसला? आत्मकथनाला: काय आठवले आणि काय गाळले? पर्यावरणाच्या इतिहासाला: ‘रिकामी जमीन’ म्हणून नोंदवलेल्या जागेवर आधी कोण गुरे चारत होते?

११/ सनावळी दप्तरातूनच घ्यावी लागते. पण चिमीची अगतिकता, लक्ष्मीबाईंची पाच वर्षे आणि उपाशी जनावर यांना वगळून लिहिलेला इतिहास हा केवळ राज्यकर्त्यांच्या स्मरणशक्तीचा इतिहास ठरेल. आपल्या घरच्या कपाटात ‘इतिहास’ म्हणून न ठेवलेले असे कोणते पुस्तक आहे? ते या दृष्टीने एकदा अवश्य उघडून पाहावे.