नसबंदीचें कायमपण

पुरुषाच्या नसबंदीस ‘संततिनियमनाचा कायमचा उपाय’ म्हणण्याचा प्रघात आहे. या ‘कायमचा’ शब्दांत दोन भिन्न आश्वासनें दडलेलीं आहेत. यापुढें मूल होणार नाहीं, हें एक. आणि केलेलें पुन्हां मोडतां येणार नाहीं, हें दुसरें. हीं दोन्ही कितपत खरीं आहेत, हें इतिहासाच्या साह्यानें पडताळून पाहिल्यास बराच गैरसमज दूर होईल, असें आम्हांस वाटतें.

ही शस्त्रक्रिया जन्मास आली ती दांपत्याच्या सोयीसाठीं नव्हे. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानच्या सुधारगृहांत डॉ. हॅरी शार्प यांनीं १८९९ सालीं बंदिवानांवर ती करण्यास आरंभ केला, आणि १९०७ सालीं त्याच संस्थाननें ‘अयोग्य’ ठरविलेल्यांची सक्तीनें नसबंदी करणारा कायदा केला. १९२१ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें तो रद्द ठरविला. इकडे व्हिएन्नांत प्रो. श्टाइनाख यांनीं शुक्रवाहिनी बांधल्यानें गेलेलें तारुण्य परत येतें असा सिद्धांत मांडला. १९२३ सालीं फ्रॉइड यांनीं व १९३४ सालीं कवि येट्स यांनीं त्याच आशेनें शस्त्र करवून घेतलें. तारुण्याची आशा पुढें फोल ठरली. संततिनियमन हा उपयोग तेवढा टिकला. मुंबईंत र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं संततिनियमनाचें केंद्र उघडलें, तेव्हां आपल्याकडे या विषयाचा नुसता उच्चारहि अशिष्ट गणला जात होता, हें येथें आठवणें योग्य होईल.

आतां पहिलें आश्वासन पाहूं. शुक्रवाहिनी कापली तरी कापाच्या पुढील भागांत शुक्रजंतु शिल्लक असतातच. म्हणून पुरुष त्या दिवसापासून निर्धास्त होत नाहीं. सुमारें तीन महिन्यांनीं वीर्य तपासून त्यांत शुक्रजंतु नाहींत अशी खात्री होईपर्यंत दुसरें साधन वापरावेंच लागतें. अपयशाच्या पुष्कळ कथांचें मूळ या दुर्लक्षांत आहे, आणि अशा वेळीं संशयाचें बोट निष्पाप पत्नीकडे वळतें, हा त्यांतील अधिक दुःखद भाग होय. तपासणी स्वच्छ आल्यावर मात्र हा उपाय फार भरंवशाचा आहे. त्यानंतरहि कापलेलीं टोकें क्वचित् आपोआप जुळतात. परंतु गर्भ राहण्याचें प्रमाण सुमारें दोन हजारांत एक इतकेंच मानलें जातें. शून्य तें नव्हे, हें शस्त्रक्रियेपूर्वींच सांगितलें पाहिजे.

दुसऱ्या आश्वासनाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें नस पुन्हां जोडण्याची कला १९७० नंतरच्या दशकांत पुष्कळ सुधारली. अमेरिकेंतील शस्त्रवैद्यांनीं १९९१ सालीं १,४६९ पुरुषांचा अनुभव प्रसिद्ध केला. नसबंदीस तीन वर्षें होण्यापूर्वीं नस जोडली तर शेंकडा ७६ दांपत्यांत गर्भधारणा झाली. पंधरा वर्षें वा अधिक लोटलेलीं असल्यास तें प्रमाण ३० वर आलें. म्हणजे दार उघडतां येतें, परंतु दर वर्षागणिक त्याची बिजागरी गंजत जाते. जो मनुष्य ‘पुढें वाटलें तर जोडून घेऊं’ असें म्हणून शस्त्र करवितो, तो वस्तुतः अद्याप निर्णयास पोंचलेलाच नाहीं.

आणि येथेंच आपल्या देशाचा इतिहास बोलका होतो. केरळांत एर्नाकुलम् येथील शिबिरांत १९७१ च्या जुलै महिन्यांत ६३,००० हून अधिक पुरुषांची नसबंदी झाली, आणि तिचा जगभर गाजावाजा झाला. पांच वर्षांनीं, आणीबाणींत, १९७६-७७ या एका वर्षांत देशांत ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या होत्या आणि कित्येक उघड जबरदस्तीच्या होत्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तर १९७६ सालीं सक्तीच्या नसबंदीचें विधेयक संमत केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें अंमलांत आलें नाहीं. जी गोष्ट सहसा मागें फिरवतां येत नाहीं, तीच मनुष्याची संमति न घेतां करणें, यापरतें तिचें विडंबन कोणतें?

त्या वर्षाचे परिणाम शस्त्रक्रियेपेक्षांहि कायमचे ठरले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत स्त्रियांच्या नसबंदीचें प्रमाण शेंकडा ३७.९ आढळलें, तर पुरुषांच्या नसबंदीचें अवघें ०.३. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी व कमी धोक्याची असूनहि सारा भार स्त्रीच्या उदरावर पडला आहे. पौरुष जाण्याची भीति निराधार आहे. कारण या शस्त्रानें अंडग्रंथींचा रस वा कामेच्छा नाहींशी होत नाहीं. परंतु सक्तीनें रुजलेला अविश्वास केवळ शास्त्रवचनांनीं निघत नाहीं.

सारांश, नसबंदी ही भरंवशाची आहे, पण तपासणीनंतर. आणि ती कायमचीच समजून करावी, कारण जोडणीची ग्वाही कोणीहि देऊं शकत नाहीं. म्हणूनच येथें पूर्ण माहितीनें दिलेली संमति हा केवळ शिष्टाचार नसून या उपायाचा पाया आहे, असें आमचें मत आहे.