वैऱ्याच्या किल्ल्यात

रेवसहून लाँचने भाऊचा धक्का जवळ आला की मी डावीकडे बघतो, नौदलाच्या गोदीच्या दिशेला. तिथे, जुन्या बॉम्बे कॅसलच्या आवारात, कान्होजी आंग्र्यांचा पुतळा आहे. लाँचमधून दिसत नाही, तरी बघतो.

परवा कीथ पार्कबद्दल वाचत होतो. हा न्यूझीलंडमध्ये जन्मलेला. १९४० मध्ये लंडनचं आकाश राखणाऱ्या ११ नंबरच्या ग्रुपचा प्रमुख. जर्मन विमानं परतवली आणि डिसेंबरातच वरिष्ठांनी याला प्रशिक्षणाच्या कामावर धाडलं! १९७५ मध्ये वारला. लंडनला वॉटर्लू प्लेसमध्ये त्याच्या पुतळ्याचं अनावरण झालं ते १५ सप्टेंबर २०१० ला, त्या लढाईच्या स्मृतिदिनी.

तारीख वाचून थबकलो. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला 'आंग्रे' हे नाव मिळालं तेही १५ सप्टेंबरलाच, १९५१ साली. योगायोग, दुसरं काय.

पण पार्क उभा आहे तो त्याने राखलेल्या शहरात. कान्होजींना इंग्रज चाचा म्हणत. १७१८ मध्ये ते खांदेरीवर चालून आले, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर. दोन्ही वेळा हात हलवत परत. आणि त्याच इंग्रजांच्या मुंबईतल्या किल्ल्यात आता कान्होजी! हे मला कुठल्याही अनावरणाच्या भाषणापेक्षा जास्त आवडतं.

फक्त तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही. असो. भाचरं सुट्टीत आली की मी त्यांना अलिबागला समाधीवर नेतो. तिथे कुणी अडवत नाही.