नायट्रेट-निवारण, विद्युत्-रासायनिक

सांडपाण्यातील किंवा भूजलातील नायट्रेट विजेच्या साहाय्याने काढण्याच्या पद्धती. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. तुरटीने ते खाली बसत नाही आणि पाणी उकळले तर आटलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढतेच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. विहिरीतले नायट्रेट आणि तान्ह्या मुलांचे निळे पडणे यांचा संबंध आयोवातील डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली मांडला.

घटातून वीजप्रवाह सोडला की ऋणाग्रावर नायट्रेटचे आधी नायट्राइट होते; ही पायरी संथ असते, म्हणून तांब्यासारखे ऋणाग्र वापरतात. पुढे दोन वाटा फुटतात. नायट्रोजन वायू झाला तर तो हवेत निघून जातो. अमोनिया झाला तर नायट्रोजन पाण्यातच राहतो, फक्त वेष बदलून. आणि बहुतेक वेळा होतो अमोनियाच. त्यातच काही वीज पाण्यातून हायड्रोजन काढण्यात वाया जाते. एक किलो नायट्रेटचा नायट्रोजन वायू करायला, काहीही वाया न जाता, सुमारे २,१६० अँपिअर-तास लागतात, अमोनियासाठी ३,४६०.

अमोनियावर उतारा मिठाचा. पाण्यात क्लोराइड असेल तर धनाग्रावर क्लोरीन तयार होतो, त्याचे हायपोक्लोराइट होते आणि ते अमोनियाचा नायट्रोजन वायू करते. वसईच्या पश्चिमेकडील गिरीजसारख्या वाड्यांच्या गावांत विहिरी आणि बावखलांना (गोड्या पाण्याच्या तळ्यांना) खाऱ्या पाण्याचे भय; पण विहिरीला मारक ठरणारा हाच खारेपणा विद्युत् घटाला मानवतो, कारण खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. तरीही पिण्याच्या पाण्याला हा मार्ग जपूनच लावावा लागतो: क्लोरेट आणि क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये मागे उरू शकतात. घरगुती मैलापाण्यासाठी जिवाणूंची पद्धत स्वस्त पडते. विजेची खरी जागा म्हणजे जिवाणू तगत नाहीत असे, नायट्रेटने भरलेले कारखान्यांचे पाणी.

दुसरी पद्धत विद्युत् अपोहनाची: तीत विजेने आयने पटलांतून ओढून घेतात. त्यात नायट्रेट नष्ट होत नाही, थोड्या पाण्यात गोळा होते. त्या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न उरतोच.

सिंचनाच्या पाण्यातून मात्र नायट्रेट काढण्याचे कारण सहसा नसते. लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले एक लाख लिटर पाणी दिले की वाडीत सव्वादोन किलो नायट्रोजन पडतो, म्हणजे जवळपास पाच किलो युरियाइतका. तेवढा युरिया कमी घातला की झाले.